धावणारा मुलगा, खेळवणारा मुलगा



मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याची एका फुटबॉल अकादमीत निवड चाचणी होती. मुलगा चौदा वर्षांचा. दुल्हाभाई कतारला नोकरीत, बहिणीला घरच्या आजारी सासूबाईंना सोडून निघता येईना, म्हणून मामू या नात्याने सोबत जायचं काम माझ्याकडे आलं. फजर पढून आम्ही मुंब्र्याहून लोकल पकडली. साडेसातला मैदानावर पोहोचलो तर दीड-दोनशे मुलं आधीच रांगेत उभी. प्रत्येकाच्या छातीवर कागदी नंबर चिकटवलेला.

आधी धावण्याची चाचणी झाली, मग वीस-वीस मिनिटांचे सामने. एकमेकांना कधीही न पाहिलेली अकरा मुलं एका बाजूला, तशीच अकरा दुसऱ्या बाजूला. आमचा मुलगा अंगाने काडी, उंचीही बेताची, पण डावा पाय फार सुरेख. त्या वीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे सात वेळा आला; मी बोटांवर मोजलं. दोनदा त्याने मोकळ्या जागेत असा पास टाकला की कोणी धावलं असतं तर समोर फक्त गोलकीपर उरला असता. कोणी धावलंच नाही. जो तो स्वतःला दाखवण्यात गुंतलेला. दुसरीकडे एक धिप्पाड मुलगा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता, आडवा पडत होता, उठून पुन्हा पळत होता. त्याचं नाव यादीत आलं. आमच्याचं आलं नाही.

कोच सभ्य माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाय छान आहे मुलाचा. पण पळत नाही. आम्हाला आधी पळणारी मुलं लागतात."

परतीच्या गाडीत मुलगा खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. कळवा गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "मामू, मी आळशी आहे का?"

रात्री कतारहून दुल्हाभाईंचा व्हॉइस मेसेज आला. "पुढच्या वर्षी दहावी आहे. त्याच्यात काही नसेल तर बूट कपाटात ठेवू द्या."

मुलाच्या प्रश्नाला आणि बापाच्या निरोपाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. जे सुचलं ते आज लिहितो आहे, कारण असा मुलगा बहुतेक घरांत असतो. खेळ फुटबॉल असेल, क्रिकेट असेल, नाहीतर चित्रकला असेल. एक मूल मेहनती आणि दुसरं हुनर असलेलं, अशी वाटणी आपण घरातच करून टाकतो.

खालच्या पायरीवरचं गणित

आधी त्या कोचची बाजू. तो एकटा असं म्हणत नाही. जिथे फुटबॉल हा पोटापाण्याचा धंदा आहे, त्या इंग्लंडमध्येही खालच्या विभागांतले बरेच क्लब वर्षानुवर्षं हेच म्हणत आले आहेत.

तिथली रचना शिडीसारखी आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, 20 क्लबांची. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन विभाग, प्रत्येकात 24 क्लब. त्याखाली नॅशनल लीग आणि मग गावोगावच्या प्रादेशिक साखळ्या. दर वर्षी वरचे क्लब खाली घसरतात, खालचे वर चढतात. लीग टूमधले शेवटचे दोन क्लब तर त्या चार विभागांच्या घरातूनच बाहेर पडतात. असं झालं की क्लबचं उत्पन्न आटतं, खेळाडूंचे करार संपवले जातात, कचेरीतल्या आणि मैदानावरच्या माणसांच्या नोकऱ्याही धोक्यात येतात.

या तिन्ही विभागांत प्रत्येक क्लबला नुसत्या साखळीचे 46 सामने खेळावे लागतात. चषकाचे सामने वेगळे. शनिवारी सामना, मंगळवारी पुन्हा सामना. थंडीत मैदान ओलं आणि जड. खेळाडूंची संख्या मोजकी, पैसा मोजका, करार एक-दोन वर्षांचे. चार-पाच सामने लागोपाठ हरले की मॅनेजरची खुर्ची हलू लागते. अशा मॅनेजरसमोर दोन मुलं उभी केली, एक जे नव्वद मिनिटं पळेल आणि दुसरं जे पाच सामन्यांतून एकदा जादू करेल, तर तो कोणाला घेईल? त्याच्या हाती वेळच नाही. पळणारा मुलगा पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडतो. खेळवणाऱ्या मुलाला आपल्याभोवतीचे दहाजण समजून घ्यायला महिने लागतात. शिवाय त्याची कला दुसऱ्यांवर अवलंबून असते. पास कितीही सुंदर असला तरी त्यावर धावणारा कोणी हवा. टॅकल मात्र एकट्यालाही करता येतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मॅनेजर उघड बोलत नाहीत. मेहनती खेळाडू अपयशी ठरला तर लोक म्हणतात, "निदान जीव तोडून खेळला." कलाकार अपयशी ठरला तर म्हणतात, "असल्या नाजूक मुलाला घेतलंच कशाला?" पहिल्या निवडीचा दोष निवडणाऱ्यावर येत नाही, दुसरीचा येतो.

मॅनेजरची भीती खोटीही नसते. चेंडू गेल्यावर एकजण कमरेवर हात ठेवून उभा राहिला की त्याचा वाटा बाकीच्या दहाजणांना पळावा लागतो. ज्या संघात दहाजण आधीच दमलेले आहेत, तिथे ही उधारी फार महाग पडते. म्हणून "आधी पळणारे हवेत" हे वाक्य मला आता तेवढं कठोर वाटत नाही. फक्त ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगण्यासाठी दोन मुलांची गोष्ट सांगतो.

पॅरिसच्या वेशीवरची दोन मुलं

दोघं 1991 सालची. रियाद महरेज फेब्रुवारीत जन्मला, एनगोलो कान्टे मार्चमध्ये. महरेजचं घर पॅरिसच्या उत्तरेला, सार्सेल नावाच्या उपनगरात. वडील अल्जेरियाचे. कान्टेचं घर पश्चिमेला, रुए-माल्मेझोंमध्ये. आईवडील माली देशातून आलेले. दोन्ही घरं मुसलमान, स्थलांतरित, साधी. दोघांचेही वडील लवकर गेले. कान्टे तेव्हा लहान होता, महरेज पंधरा वर्षांचा. घर पुढे आयांनी सांभाळलं.

महरेजला चेंडू हवा तसा वळवता येई. पण तो इतका काटकुळा होता की धक्का लागला तर उडून जाईल, असं बघणाऱ्याला वाटे. अठराव्या वर्षी तो ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावच्या क्लबमध्ये गेला. हा क्लब फ्रान्सच्या चौथ्या पायरीवरचा. तिथून 2010 मध्ये ल हाव्र या क्लबने त्याला घेतलं, पण आधी राखीव संघात. मग दुसऱ्या विभागात तो हळूहळू खेळू लागला.

कान्टेची गोष्ट उलट्या टोकाची. उंची जेमतेम साडेपाच फूट. पायात जादू अशी डोळ्यांत भरणारी नव्हती. तो फक्त सगळीकडे असायचा. मोठ्या क्लबांच्या अकादम्यांनी त्याला घेतलं नाही, कारण तो फार लहानखुरा दिसे. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो सुरेन या उपनगरातल्या हौशी क्लबातच खेळला. 2010 मध्ये बुलोन या समुद्रकाठच्या गावच्या क्लबने त्याला राखीव संघासाठी बोलावलं. तिथे तो सरावाला चक्क पायाने ढकलायच्या स्कूटरवरून जात असे. आणि सोबत अकाउंटन्सीचं शिक्षण घेत होता! 2012-13 च्या हंगामात तो फ्रान्सच्या तिसऱ्या विभागात खेळत होता. मग काँ शहराच्या क्लबने त्याला घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो क्लब पहिल्या विभागात चढला.

इथे गंमत बघा. एकाला शिडीच्या तळाशी राहावं लागलं कारण तो "नुसता कलाकार", अंगात बळ नाही. दुसऱ्याला राहावं लागलं कारण तो छोटा आणि "नुसता पळणारा". चाळणी कुठलीही लावा, तिच्यातून हिरे गळतातच.

दोघं एका संघात

इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी या क्लबकडे तेव्हा स्टीव्ह वॉल्श नावाचे गृहस्थ खेळाडू शोधण्याचं काम बघत. ल हाव्रचा दुसराच एक खेळाडू पाहायला ते गेले आणि त्यांची नजर महरेजवर खिळली. जानेवारी 2014 मध्ये लेस्टरने त्याला सुमारे साडेचार लाख पौंडांत घेतलं. फुटबॉलच्या बाजारात ही रक्कम चिल्लर समजली जाते. लेस्टर तेव्हा दुसऱ्या विभागात होतं. महरेजने नंतर हसत सांगितलं होतं की लेस्टर हा रग्बीचा क्लब आहे, असंच त्याला वाटलं होतं.

पुढच्या वर्षी लेस्टर प्रीमियर लीगमध्ये आलं आणि कित्येक महिने तळाला राहून कसंबसं वाचलं. 2015 च्या उन्हाळ्यात वॉल्श यांनी कान्टेचं नाव लावून धरलं. नवे मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी साशंक होते, मुलगा फारच छोटा वाटत होता. वॉल्श ऐकेनात. शेवटी 56 लाख पौंडांत कान्टे आला.

त्या संघात आघाडीला होता जेमी व्हार्डी. सोळाव्या वर्षी शेफील्डच्या क्लबने त्यालाही लहान चणीचा म्हणून सोडून दिलेलं. मग तो कारखान्यात काम करत आठवड्याला 30 पौंडांवर अगदी खालच्या साखळीत खेळला होता. अशा नाकारलेल्यांच्या संघाने मे 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकली. 81 गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा 10 जास्त. महरेजचे साखळीत 17 गोल, शिवाय 11 गोल त्याच्या पासवर झाले. कान्टेने 175 टॅकल केले आणि 156 वेळा प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच अडवला. त्या हंगामात दोन्ही बाबतीत त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

इंग्लंडमधले व्यावसायिक खेळाडू दर वर्षी आपल्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मत देतात. 2016 मध्ये त्यांनी महरेजला निवडलं. हा मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी फुटबॉलपटू. 2017 मध्ये त्यांनी कान्टेला निवडलं. बाहेरचे लोक धावणारा मोठा की खेळवणारा मोठा, असं भांडत बसले होते. जे रोज मैदानावर घाम गाळतात त्यांनी एका वर्षी एकाला आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला मान देऊन टाकला.

2016 च्या उन्हाळ्यात कान्टे चेल्सीला गेला आणि महरेज लेस्टरमध्येच राहिला. आदल्या वर्षी दहावी आलेली चेल्सी विजेती झाली. विजेतं लेस्टर बारावं आलं, रानिएरींची नोकरी फेब्रुवारीतच गेली, आणि महरेजचे साखळीतले गोल 17 वरून 6 वर आले. कारणं अनेक असतील, युरोपातल्या सामन्यांचा जादा भारही होता. पण मागे चेंडू हिसकावून आणणारा गेला की पुढच्या कलाकाराचे पाय जड होतात, हेही साऱ्यांनी पाहिलं. महरेजचे पाय तेच होते. त्याला हव्या त्या वेळी, हव्या त्या जागी चेंडू मिळवून देणारा सोबती राहिला नव्हता.

चिठ्ठी खरवडून पाहिली तर

आता जरा जवळून बघू. कान्टे "पळणारा", महरेज "कलाकार", या चिठ्ठ्या आपण त्यांच्या कपाळावर लावल्या. त्या किती खऱ्या?

टॅकल करायला पळावं लागतं, कबूल. पण 156 वेळा दुसऱ्याचा पास मध्येच अडवायचा म्हणजे काय? म्हणजे समोरच्याने पास द्यायच्या आधी तो कुठे देणार हे ओळखायचं आणि तिथे आधीच पोहोचायचं. ही पायांची नाही, नजरेची आणि डोक्याची गोष्ट आहे. जो उगाच पळतो तो कायम उशिरा पोहोचतो आणि म्हणून आणखी पळतो. कान्टे वेळेत पोहोचतो, कारण त्याने खेळ वाचलेला असतो. पास टाकणाऱ्याला मोकळी जागा दिसते, कान्टेला ती बंद होण्याआधी दिसते. हेही हुनरच आहे, फक्त टाळ्या मिळवणारं नाही. आपल्या घरांत सगळ्यांचं जेवण वेळेवर होतं तेव्हा स्वयंपाकघराकडे कोणाचं लक्ष जात नाही, तसंच.

आणि महरेज? नुसत्या कलेवर तो टिकला असता का? राखीव संघात आणि दुसऱ्या विभागात काढलेली वर्षं त्याच्या अंगी लागली. रानिएरींच्या लेस्टरमध्ये चेंडू दुसऱ्याकडे असताना चार-चारच्या दोन रांगा करून बचाव करावा लागे, आणि महरेजची जागाही त्या रांगेत ठरलेली होती. 2018 मध्ये तो 6 कोटी पौंडांत मँचेस्टर सिटीकडे गेला. तिथले पेप गार्डिओला चेंडू गमावल्यावर उभं राहणारा खेळाडू चालवून घेत नाहीत. चेंडू गेला की त्याच क्षणी सगळ्यांनी तुटून पडायचं. त्या क्लबातून महरेजने प्रीमियर लीग चार वेळा जिंकली. आळशी माणूस तिथे पाच वर्षं राहत नाही.

साडेचार लाखांचा खेळाडू साडेचार वर्षांत 6 कोटींना गेला, यात त्या जुन्या गणिताचं उत्तरही आहे. जे सगळे नको म्हणतात ते स्वस्त मिळतं. खालच्या विभागात सगळे क्लब पळणाऱ्यांच्या मागे लागले की कलाकार मुलं कोपऱ्यात पडून राहतात आणि ज्याच्याकडे नजर व थोडा सबूर आहे तो त्यांना उचलतो.

दोघांची सगळ्यात मोठी गाठ पडली ती मे 2021 मध्ये, पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरात, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात. एका बाजूला चेल्सीचा कान्टे, दुसऱ्या बाजूला सिटीचा महरेज. चेल्सी 1-0 ने जिंकली आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला कान्टे. तोवर तो फ्रान्सकडून 2018 चा विश्वचषक जिंकून बसला होता, आणि महरेजने कर्णधार म्हणून अल्जेरियाला 2019 चा आफ्रिकी चषक जिंकून दिला होता. कान्टे ज्याला नको म्हणाल असा माणूसही नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सामन्यानंतर त्याची लंडनहून पॅरिसची गाडी चुकली. तो स्टेशनजवळच्या मशिदीत नमाजला गेला, तिथे भेटलेल्या एका तरुणाने घरी चला म्हटलं, तर विश्वविजेता गडी त्यांच्याकडे जाऊन कोंबडीचं कालवण खाऊन आला!

चौथ्या विभागात पाठवलेला मुलगा

भाच्यासारख्या मुलांच्या आयांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं, एबेरेची एझे. लंडनचा मुलगा, पायात मोहिनी. तेराव्या वर्षी आर्सेनलने सोडलं. मग फुलहॅम, मग रेडिंग, मग मिलवॉल, सगळीकडून परत. 2016 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घेतलं आणि पुढच्या वर्षी काही महिन्यांसाठी वायकम्ब वाँडरर्सकडे खेळायला पाठवलं. म्हणजे थेट चौथा विभाग. वायकम्बचा खेळ ताकदीचा, लांब चेंडूंचा. तिथे या नाजूक मुलाचं काय होणार, असं कोणालाही वाटलं असतं. पण तिथल्या दांडग्या गड्यांमध्ये तो रुळला, गोल केले, आणि त्या हंगामात वायकम्ब वर चढलं. मे 2025 मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने मँचेस्टर सिटीविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला. पॅलेसचा तो पहिलाच मोठा चषक. आणि त्याच उन्हाळ्यात, तेराव्या वर्षी ज्या आर्सेनलने त्याला सोडलं होतं, त्याच आर्सेनलने त्याला पैसे मोजून परत बोलावलं.

वायकम्बमध्ये दोघांनीही दिलं. संघाने त्याला चेंडू दिला, त्याने संघाला घाम दिला. कलाकाराला खालच्या विभागात जागा मिळते ती याच सौद्यावर.

घरी काय करायचं

एवढं मनात जुळल्यावर मी एका शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की बहिणीकडे गेलो. जे तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं म्हणजे "आळशी" हा शब्द घरातून काढून टाका. तो मुलगा आळशी नाही. चेंडू पायात नसताना काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. जे शिकवलं नाही त्याला दोष म्हणू नये. आणि ज्यांच्या घरी त्या धिप्पाड मुलासारखा मुलगा आहे, त्यांनी "हा नुसता मेहनती, डोकं नाही" असं म्हणू नये. कुठे पळायचं हे कळायला डोकंच लागतं. हे अभ्यासालाही लागू आहे. "थोरली हुशार, धाकटी कष्टाळू" असं पाहुण्यांसमोर बोललं की थोरली कष्ट सोडते आणि धाकटी उमेद सोडते.

दुसरं, अंगाची घाई करू नका. चौदा वर्षांच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकत्र खेळतात. या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कधी कधी अर्धा फूट उंची आणि दहा किलो वजन. आज जो मुलगा दांडगा म्हणून निवडला गेला, त्याला बाकीचे दोन-तीन वर्षांत गाठतात. ज्याच्याकडे पाय आणि नजर आहे, त्याचं अंग उशिरा का होईना भरतं.

तिसरं, मेहनत म्हणजे नुसत्या मैदानाला फेऱ्या नव्हेत. भाच्याला मी एकच काम दिलं आहे: चेंडू गेला की तोंड वाकडं करायचं नाही, हात हवेत उडवायचे नाहीत, लगेच पहिली पाच पावलं चेंडूकडे जोरात टाकायची. पाचच. त्यानंतर वाटलं तर थांब. पण ती पाच पावलं दर वेळी. कोचला "पळणारा मुलगा" दिसतो तो याच पाच पावलांत. सोबत दोरीवरच्या उड्या आणि रात्रीची लवकर झोप. मोबाईल अम्मीच्या उशाखाली.

चौथं, शाळा. दुल्हाभाईंना मी कान्टेची अकाउंटन्सी सांगितली. विश्वविजेता होणारा मुलगा तिसऱ्या विभागाच्या उंबरठ्यावर असताना हिशेबाची पुस्तकं वाचत होता, तर आमच्या मुलाने दहावीचं गणित करायला काय हरकत आहे? आणि बूट कपाटात ठेवायचीही गरज नाही. संध्याकाळचा एक तास अभ्यासाच्या आड येत नाही. फोनचा एक तास येतो.

या सगळ्याच्या शेवटी तो क्लबात जाईल का, याची हमी मी बहिणीला दिली नाही. हजारो मुलं पळतात, हजारो मुलांच्या पायात जादू असते, आणि जागा थोड्या असतात. आपले बुजुर्ग तदबीर आणि तकदीर हे दोन शब्द जोडीने वापरतात. हुनर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. ती गंजू न देणं, तिच्यासोबत मेहनतीची जोड लावणं ही आपली तदबीर. पुढचं त्याच्या हाती. मुलाला हे आत्ताच नीट समजलं तर नाकारलं गेल्यावरही तो मोडणार नाही, आणि निवडला गेला तरी फुगणार नाही.

परवा असरनंतर मी त्यांच्या इमारतीमागच्या मैदानावर गेलो होतो. दोन बाजूंना चपलांचे गोलपोस्ट. भाचा दोघांना चकवून पुढे गेला आणि तिसऱ्यापाशी चेंडू गमावला. कडेला उभी असलेली त्याची धाकटी बहीण मोठ्याने मोजू लागली, "एक, दोन, तीन, चार..." चौथ्या पावलाला त्याने चेंडू परत घेतला, मान वर केली आणि डावीकडे धावणाऱ्या पोराला पास दिला. या वेळी तो पोरगा धावला होता.

घरी जाताना त्याने मला पुन्हा विचारलं, "मामू, आता?" मी म्हटलं, "आळशी नव्हतास बेटा. अर्धाच खेळत होतास." धाकटीने मध्येच विचारलं, "मुलींची चाचणी कधी असते?" तिच्यासाठी चौकशी करतो आहे. भाच्याची पुढची चाचणी दिवाळीच्या सुट्टीत आहे. दुआ करा.